फ्लूचे चार दिवस: डबा, बाटली आणि पट्टी

बनशंकरी सेकंड स्टेजमधल्या कुठल्याही मेडिकल दुकानासमोर पावसाळ्यातल्या संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहिलं, तर या विषयाचा निम्मा आढावा तिथेच होतो. ‘ज्वर, नेगडि, केम्मु’ एवढं गिऱ्हाईक म्हणतं. ताप, सर्दी, खोकला. दुकानदार तीन वेगवेगळ्या पट्ट्या काढतो, कात्रीने प्रत्येकी चार-सहा गोळ्या कापून देतो, वर एक सिरप ठेवतो. चिठ्ठी कुणी मागत नाही, वय कुणी विचारत नाही, बीपी-शुगरचा विषयही निघत नाही. आढाव्याचा उरलेला निम्मा भाग गांधी बझारातल्या ग्रंधिगे दुकानांत सापडतो. पूजेचं सामान आणि काष्ठौषधी एकाच छपराखाली विकणारी ही दुकानं पुण्यातल्या माणसाला परकी वाटत नाहीत. पिंपळी, ज्येष्ठमध, सुंठ, मिरी, खडीसाखर, सगळं तेच, फक्त डब्यांवरची नावं कन्नडमध्ये.

इथल्या मराठी घरांत दोन्ही परंपरा एकत्र नांदतात. बेळगाव-धारवाडकडून आलेले, पुण्या-मुंबईहून आयटीत आलेले, आणि बदामीची बनशंकरी ज्यांची कुलदेवता असल्यामुळे वस्तीचं नावही ज्यांना घरचंच वाटतं असे, सगळ्यांच्या ओट्यावर एका बाजूला गवती चहा असतो आणि फ्रिजवरच्या डब्यात अर्धवट कापलेल्या पट्ट्या असतात. ताप आला की दोन्हींकडे हात जातो, बहुधा एकदमच. माझी तक्रार आहे ती या ‘एकदम’वर. फ्लूचा विषाणू यातल्या जवळजवळ कशानेच मरत नाही. त्याला शरीर हटवतं. आपल्या हातात एवढंच असतं की ते चार-पाच दिवस कमी त्रासात जावेत आणि त्या आरामाची किंमत यकृत, मूत्रपिंड किंवा पोटाने मोजू नये. या मापाने पाहिलं तर एकेरी, साध्या गोष्टी बऱ्याच टिकतात. घोटाळा होतो तो मिश्रणांत, मग ती गोळीतली असोत की काढ्यातली.

आधी आजाराबद्दल थोडं. साध्या सर्दीत नाक पुढे असतं. फ्लूत माणूस दुपारी ठीक असतो आणि रात्री अंथरुणाला खिळतो. थंडी वाजून ताप, सांधे-पाठ ठेचल्यासारखी, डोकं जड, कोरडा खोकला. संसर्गानंतर एक ते चार दिवसांत लक्षणं सुरू होतात. भारतात याचे दोन हंगाम: एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना. २०२३च्या सुरुवातीला एच३एन२ची लाट आली तेव्हा देशातल्या पहिल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी एक कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातला होता, ८२ वर्षांच्या गृहस्थांचा. त्याच मार्चमध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने पत्रक काढलं: ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला तीन आठवडेही राहू शकतो, लक्षणांपुरतं औषध द्या, प्रतिजैविकं देऊ नका. हे तीन दिवस आणि तीन आठवडे मनात पक्के असले की निम्मी औषधं आपोआप टळतात. दहाव्या दिवशी खोकला आहे म्हणून घाबरून दुकानात जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्या हातात पडतं ते बहुतेक वेळा ॲझिथ्रोमायसिन. ते विषाणूवर चालत नाही.

आता गोळ्या. या शहरात तापाची गोळी म्हणजे डोलो. ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची ही गोळी बेंगळुरूच्याच मायक्रो लॅब्ज या कंपनीची. कोविडच्या काळात ती देशभर इतकी खपली की जानेवारी २०२२मध्ये तिच्यावर विनोदांचा पाऊस पडला. विनोद बाजूला ठेवले तर पॅरासिटामॉलइतकं जुनं, स्वस्त आणि ओळखीचं औषध दुसरं नाही. ते फ्लूचा एक दिवसही कमी करत नाही. अंगदुखी आणि ताप उतरवतं, माणूस चार घोट पाणी पितो, झोपतो, आणि तेवढ्यासाठीच ते घ्यायचं. ताप शंभर आहे पण माणूस शांत पडून आहे, तर गोळी दिलीच पाहिजे असं नाही. थर्मामीटरवर इलाज करायची सवय आपल्याकडे फार आहे.

मोठ्या माणसाची चोवीस तासांतली कमाल मर्यादा चार ग्रॅम. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोज दारू घेतली जात असेल, तर डॉक्टर ती बरीच खाली आणतात. आता दुकानातल्या त्या तीन पट्ट्यांकडे पाहू. पहिली डोलो. दुसरी ‘सर्दीची’: सिनारेस्ट, डी-कोल्ड, विक्स ॲक्शन ५०० यांच्या वर्गातली कुठली तरी. या संयुक्त गोळ्यांमध्ये नाकाच्या औषधाबरोबर पॅरासिटामॉलही असतं, बहुतेकींत ५०० मिलिग्रॅम. कुणी डोलो चार वेळा घेतली, म्हणजे २.६ ग्रॅम, आणि सर्दीची तीन वेळा, म्हणजे आणखी दीड ग्रॅम, तर बेरीज ४.१ ग्रॅम होते. तिसरी पट्टी ‘अंगदुखीची’ असली तर तिच्यात पुन्हा तेच. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहेच. माणसाला वाटतं आपण तीन आजारांवर तीन औषधं घेतोय, आणि यकृताला एकच औषध तीन दारांनी भेटतं. पट्टीमागची बारीक अक्षरं वाचायला भिंग लागलं तरी वाचावीत. वाचणं जमत नसेल तर घरात पॅरासिटामॉलची एकच पट्टी ठेवावी आणि बाकीच्या दुकानातच राहू द्याव्यात.

अतिमात्रेचा हा धडा नवा नाही. १९१८च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून देशात शिरलेल्या इन्फ्लुएंझाने भारतात १.२ ते १.८ कोटी माणसं नेली असा अंदाज केला जातो. त्या साथीत अमेरिकेत ॲस्पिरिन इतक्या मोठ्या मात्रेत दिलं जाई, की तिथल्या काही मृत्यूंना विषाणूइतकाच तो डोसही जबाबदार असावा, असं २००९ साली एका संशोधिकेने साधार मांडलं. सगळ्यांना ते पटलं नाही, पण त्या काळच्या मात्रा वाचून आजचा डॉक्टर दचकतो. मुलांना तापात ॲस्पिरिन द्यायचं नाही हा नियम तर आता सर्वत्र आहे. फ्लू किंवा कांजिण्यांत ते दिलं तर राइज सिंड्रोम हा मेंदू-यकृताचा दुर्मीळ पण घातक विकार उद्भवू शकतो.

संयुक्त गोळीतला दुसरा घटक फेनिलेफ्रिन. नाक मोकळं करतो म्हणून तो जवळजवळ प्रत्येक सर्दीच्या गोळीत असतो. सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन शिफारस केलेल्या मात्रेत नाक मोकळं करत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये त्या प्रशासनाने ते मान्य औषधांच्या यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे ते सुखेनैव विकलं जातंय. तिसरा घटक क्लोरफेनिरामिन. याने वाहतं नाक थोडं सुकतं आणि झोप येते. रात्री ती झोप बरी वाटते. सकाळी रिंगरोडवर स्कूटर चालवताना ती परवडत नाही, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी अडू शकते ती याच गोळीने.

नाकात घालायचे झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र खरोखर काम करतात, पाच मिनिटांत. म्हणूनच ते जपून वापरायचे. तीन-चार दिवसांपलीकडे गेलं की थेंबांचा असर उतरताच नाक आणखी चोंदतं आणि माणूस बाटलीला बांधला जातो. मीठपाण्याच्या थेंबांना ही अडचण नाही.

हे सगळं चिठ्ठीविना विकणं कायद्यात कुठे बसतं, याचं उत्तर गंमतीशीर आहे. आपण सहज ‘ओटीसी’ म्हणतो, पण १९४०च्या औषध कायद्यात अशी वर्गवारीच नाही. चिठ्ठीवर द्यायच्या औषधांच्या अनुसूची आहेत, आणि जे त्यांत नाही ते सुटं. २०२२मध्ये केंद्राने सोळा औषधं चिठ्ठीविना विकण्यासाठी स्पष्टपणे मोकळी करण्याचा मसुदा काढला. पॅरासिटामॉल ५०० त्यात होतं. पण खरी सीमारेषा कागदावर नसून काउंटरवरच्या माणसाच्या स्वभावावर ठरते. ‘हे नको, डॉक्टरांकडे जा’ म्हणणारा दुकानदार ज्याच्या गल्लीत आहे, त्याने त्याचं दुकान सोडू नये.

स्वयंपाकघराकडे वळताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तिथल्या उपायांवर संशोधन कमी झालंय, कारण पेजेचं पेटंट कुणाला मिळत नाही. तरीही जे झालंय ते बघण्यासारखं आहे.

गरम पेय हा पहिला उपाय. कार्डिफच्या सर्दी संशोधन केंद्रात २००८ साली तीस जणांना एकच फळांचं पेय दिलं, काहींना गरम, काहींना खोलीच्या तापमानाचं. गरम घेणाऱ्यांना नाक, खोकला, घसा, थंडी, थकवा, सगळ्यांत लगेच आराम वाटला. पेय तेच, फरक फक्त उष्णतेचा. तेव्हा काढ्याचं बरंचसं श्रेय पातेल्याखालच्या गॅसला द्यायला हवं. वनस्पतींचा मान कमी होतो असं नाही, पण सतरा जिन्नस घातल्याशिवाय काढा होत नाही हा गैरसमज तरी जावा. आलं, गवती चहा, थोडा गूळ. पुरे.

खाण्यात आपला मऊ भात, तूप, मेतकूट आणि इथला मेणसिन सारु यांची जोडी मला अजोड वाटते. मिरी-जिऱ्याचा पातळ सारु तापकऱ्याच्या बेचव जिभेला जाग आणतो, मिरीने नाक वाहतं होतं, मिठामुळे घामावाटे गेलेलं भरून निघतं. रागीची किंवा तांदळाची गंजी, म्हणजे आपली पेज, पाणी आणि पिष्ट दोन्ही देते. मांसाहारी घरांत कोंबडीचा रस्सा. त्यावर तर २०००मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात प्रयोगही झाला. एका डॉक्टरने बायकोच्या आजीच्या पाककृतीने सूप केलं आणि ते न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावतं असं प्रयोगशाळेत दाखवलं. काचेच्या नळीतल्या या निकालावरून माणसाचा ताप उतरतो असं म्हणता येत नाही, आणि खुद्द त्या डॉक्टरनेही तसं म्हटलं नाही.

मध मात्र परीक्षेला उतरला आहे. मुलांच्या खोकल्यावरच्या प्रयोगांचा कोक्रेन संस्थेचा २०१८चा आढावा सांगतो की काहीच न देण्यापेक्षा मधाने खोकला बहुधा कमी होतो, आणि बाजारातल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या तोडीस तो उतरतो. झोपताना एक चमचा. एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही, बोटुलिझमचा धोका असतो, आणि चाटण चाटवायच्या हौसेपायी आपल्याकडे हे फार वेळा मोडलं जातं. मधुमेह्यांनी अर्थातच हिशेबाने.

अडुळसा हे घर आणि दुकान यांना जोडणारं झाड आहे. इथे त्याला आडुसोगे म्हणतात. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडवरून ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि ब्रोमहेक्सिनपासून अँब्रोक्सॉल. आज कफाच्या कुठल्याही सिरपच्या पाठीवर या दोघांपैकी एक नाव सापडतं. आजीच्या अडुळशाच्या रसाला नाक मुरडून सिरप घेणारा नातू त्याच झाडाच्या वंशातलं औषध घेत असतो. पण हीच गोष्ट उलटूनही सांगता येते: पानात औषध आहे म्हणजे मात्राही आली, आणि मुठीने घातलेल्या पानांची मात्रा कुणाला ठाऊक?

काढ्याची खरी अडचण इथेच सुरू होते. एप्रिल २०२०मध्ये आयुष मंत्रालयाने ‘आयुष क्वाथ’ची कृती जाहीर केली: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक. मोजकी, सौम्य कृती. पण घराघरांत तिच्यात भर पडत गेली. ज्येष्ठमध आला, गुळवेल आली, लवंगा आल्या, दिवसाला तीन-तीन पेले आले. ज्येष्ठमध घशाला सुखावतो, पण रोज भरपूर घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला हे महागात पडू शकतं. गुळवेलीचं प्रकरण तर गाजलं. इथे तिला अमृतबळ्ळी म्हणतात आणि कुंपणावर ती सहज दिसते. २०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मंत्रालयाने आक्षेप घेतला की ही वनस्पती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी असावी. तो आक्षेप खरा मानला तरी घरच्या काढेवाल्याला त्यात दिलासा नाही. कुंपणावरची वेल कुठली हे त्याला कोण सांगणार?

मिरीबद्दलची एक बेंगळुरूची गोष्ट सांगितलीच पाहिजे. हळद-दुधात मिरी घालायची सूचना हल्ली जगभर फिरते, तिचं मूळ याच शहरात आहे. १९९८ साली सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतल्या पायपेरीनमुळे माणसाच्या रक्तात कर्क्युमिनची उपलब्धता वीसपटींनी वाढते. कॅप्सूल विकणाऱ्यांनी हा आकडा उचलला. त्यांनी न सांगितलेला भाग असा की पायपेरीन हळदीपुरतं थांबत नाही. फिटच्या फेनिटॉइनसारख्या औषधांची रक्तातली पातळीही ते वाढवू शकतं. सारातल्या चिमूटभर मिरीने काही होत नाही. मिरीचा अर्क आणि रोजची गंभीर औषधं एकत्र करणं वेगळं. आणि हळद-दुधाने फ्लू लवकर बरा होतो असा पुरावा नाही. झोपताना ते प्यायला बरं वाटतं, तेवढ्यासाठी खुशाल प्यावं.

आयुर्वेदिक दुकानातली तयार औषधंही एका मापाने मोजू नयेत. सितोपलादि चूर्ण मधातून चाटणं आणि त्रिभुवनकीर्ती रस मनाने घेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात शोधित हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, आणि वत्सनाभ आहे. वत्सनाभ हे हृदयाची लय बिघडवणारं विष. ते शुद्ध करून, मात्रा ठरवून वैद्याने द्यायचं. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ म्हणून शेजाऱ्याने पुढे करायचं नाही.

बामांचा इतिहास मजेचा आहे. अमृतांजन हे नाव आपण मद्रासशी जोडतो, पण काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी ते १८९३ साली सुरू केलं मुंबईत. विक्स अमेरिकेतलं, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका औषधविक्रेत्याचं, आणि त्याचा खप उसळला तो १९१८च्याच साथीत. भारतात मात्र विक्स व्हेपोरब आयुर्वेदिक औषध म्हणून विकलं जातं. डबीवर पुदिन्याचं सत्त्व, कापूर, ओव्याचं सत्त्व, निलगिरी अशी नावं असतात. ओव्याचं सत्त्व म्हणजेच थायमॉल, आणि बनशंकरीच्या गच्च्यांवर कुंडीत वाढणाऱ्या दोड्डपत्रेच्या, आपल्या पानओव्याच्या, वासातही तेच कुटुंब. बाळाच्या छातीशी ओव्याची गरम पुरचुंडी धरणारी आजी आणि विक्स चोळणारी आई एकाच दुकानाची दोन गिऱ्हाइकं आहेत. मेंथॉलने नाक प्रत्यक्षात मोकळं होत नाही. थंडावा जाणवणाऱ्या नसा जाग्या होतात आणि हवा जास्त येतेय असं वाटतं. वाटण्यालाही किंमत आहे: २०१०मध्ये पेन्सिल्व्हेनियात झालेल्या चाचणीत असा बाम लावलेली मुलं, आणि पर्यायाने त्यांचे आईबाप, रात्री बरे झोपले. दोन वर्षांखाली लावू नये, नाकपुडीत भरू नये, आणि कापूर पोटात जाऊ देऊ नये, लहान मुलाला झटके येतात.

वाफेवर माझा राग आहे. तिच्याइतकं प्रेम दुसऱ्या कुठल्या उपायाला मिळालेलं नाही आणि तिच्याइतका थोडा पुरावाही नाही. इंग्लंडमधल्या दवाखान्यांत झालेल्या, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वाफेने फायदा दिसला नाही, उलट काही रुग्णांना चटके बसले. कोविडच्या काळात तर लहान मुलं भाजण्याचे प्रकार वाढल्याचं बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयाने कळवलं. पलंगावर उकळतं पातेलं, वर चादर, आत सात वर्षांचं पोर: हे चित्र आपल्या घरांत नित्याचं आहे. मोठ्या माणसाला बरं वाटत असेल तर त्याने टेबलाशी बसून, स्थिर भांड्यातून घ्यावी. मुलांना नाहीच.

त्या मानाने गुळण्या उपेक्षित राहिल्या. जपानात २००५ साली ३८७ जणांवर झालेल्या चाचणीत नुसत्या पाण्याच्या गुळण्या रोज करणाऱ्यांना सर्दी-पडशाचे आजार सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले. आयोडीनच्या औषधी गुळण्यांचा तसा फायदा दिसला नाही. एडिंबरात २०१९मध्ये मीठपाण्याने नाक धुणं आणि गुळण्या यांनी सर्दी जवळजवळ दोन दिवसांनी आखूड झाली. चाचणी छोटी, ६६ जणांची, आणि फ्लूची नव्हे, सर्दीची. तरी चिमूटभर मिठाच्या खर्चात याहून काय हवं? नाक धुताना मात्र पाणी उकळून गार केलेलंच घ्यावं. इथे नळाला कावेरी, बोअर आणि टँकर यांचं काय मिश्रण येतं ते सोसायटीचा वॉचमनच जाणे. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या, जुन्या घरांत युडीकोलनच्या, यांनी ताप फारसा उतरत नाही, पण कुणीतरी उशाशी बसतं.

लहान मुलांच्या सिरपबद्दल मात्र सौम्यपणे लिहिता येणार नाही. १९८६ साली मुंबईच्या जेजे रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदी आणि तपासणीची लक्तरं चव्हाट्यावर मांडली. जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात तेच रसायन खोकल्याच्या सिरपमध्ये सापडलं आणि मुलं दगावली. त्यानंतर केंद्राने बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरप देऊ नयेत, पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली नको, हा आदेश तर डिसेंबर २०२३चाच. भेसळ नसती तरी हिशेब बदलत नाही. या सिरपांचा लहान मुलांना फायदा होतो असं दाखवता आलेलं नाही. मुलाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, नाकात मीठपाणी, वर्षावरच्याला मध, पाणी, दूध, मांडी. निमेसुलाइड बारा वर्षांखाली २०११पासून बंद आहे, तरी घरातल्या जुन्या बाटल्या तपासाव्यात.

फ्लूवर थेट काम करणारं औषध आहे, ओसेल्टामिव्हिर, पण ते चिठ्ठीचं. त्याची गंमत अशी की त्याचा कच्चा माल, शिकिमिक आम्ल, बराच काळ मसाल्याच्या डब्यातल्या चक्रफुलातून येत होता. त्यावरून २००९च्या स्वाइन फ्लूत चक्रफुलाच्या काढ्याच्या कृती फिरल्या. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, एका शाळकरी मुलीचा, आणि नंतरचे काही आठवडे पुणेकरांच्या रुमालाला निलगिरी आणि खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी होती. कुणाचा दोष नाही, भीतीत माणूस हाताला लागेल ते धरतो. पण चक्रफुलापासून ओसेल्टामिव्हिरपर्यंत जायला कारखान्यातल्या अनेक रासायनिक पायऱ्या लागतात. काढ्यात ते तयार होत नाही. आणि खुद्द त्या औषधानेही निरोगी प्रौढाची लक्षणं सात दिवसांवरून ६.३ दिवसांवर येतात, म्हणजे सतराएक तासांची बचत. त्याचा खरा उपयोग म्हातारे, गरोदर स्त्रिया, दमा-मधुमेह-हृदयविकाराचे रुग्ण यांना, आणि तोही पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केलं तर. म्हणून सत्तरीच्या माणसाने तीन दिवस काढा घेऊन वाट पाहणं आणि तिशीतल्या माणसाने तीन दिवस काढा घेऊन वाट पाहणं या एकच गोष्टी नाहीत. बनशंकरी, पद्मनाभनगर, जयनगर या पट्ट्यात निवृत्त जोडपी पुष्कळ आहेत, मुलं परदेशी, आणि औषधाचा सल्ला व्हिडिओ कॉलवर. मुलांनी आईबाबांना विचारायचा पहिला प्रश्न ‘काढा घेतला का’ हा नसून ‘ताप कधीपासून आहे’ हा असावा.

दुसरी अडचण या शहराची म्हणून आहे. पावसाळ्यातला ताप इथे फ्लूचाच असेल असं नाही. २०२४मध्ये डेंग्यू इतका वाढला की कर्नाटक सरकारने तो साथरोग म्हणून अधिसूचित केला. पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात: चढा ताप, अंग मोडणं, डोकं. नाक वाहतंय, खोकला आहे, घरात आणखी दोघं तसेच पडलेत, तर फ्लूकडे झुकावं. खोकला नाही, डोळ्यांमागे दुखतंय, अंगावर पुरळ आहे, तर डेंग्यूकडे. खात्री दोन्हीत नाही. त्यामुळे इथे पावसाळी तापात आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक आम्ल, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांतलं काहीच आपणहून घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी ॲस्पिरिन सुरू असेल तर ते मनाने बंदही करू नये, डॉक्टरांना विचारावं. वृद्धांत याला दुसरंही कारण आहे: रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि आयबुप्रोफेन एकत्र आले, त्यात तापाने पाणी कमी झालेलं, की मूत्रपिंडं बसतात. ताप दोन दिवसांत हलला नाही तर रक्ताची तपासणी करून घ्यावी. ती गल्लोगल्लीच्या लॅबमध्ये होते आणि तीन पट्ट्यांच्या खर्चाहून फार महाग नसते.

ताप उतरण्याकडेही दोन्ही आजारांत वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे एक-दोन दिवस जपायचे. पोटात सतत दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची ग्लानी यांकडे लक्ष ठेवायचं. फ्लूत ताप उतरून माणूस सावरला आणि दोन दिवसांनी पुन्हा थंडी-ताप, छातीत दुखणं, पिवळा-गंजलेला कफ सुरू झाला, तर वरून न्यूमोनिया जडल्याची शंका घ्यायची. धाप, ओठ निळे, बरळणं, दिवसभर लघवी न होणं, मूल दूध सोडून निपचित पडणं, यांतलं काही दिसलं की पातेलं उतरवून रिक्षा बोलवायची. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बहुतेक घरांच्या कपाटात आहे. सेल बदलून तो फ्रिजवरच्या त्याच डब्यात ठेवावा, आणि डब्यातल्या मागच्या वर्षीच्या अर्ध्या पट्ट्या टाकून द्याव्यात. कात्रीने कापताना त्यांच्यावरची मुदतीची तारीख बहुधा दुकानातच राहिलेली असते.